पट्ट्याखालच्या चादरी

३ मार्च, मंगळवार

शनिवारी येणार म्हणे! थोरले दीर आणि ती, थोरली जाऊ. मामंजींची गाडी न्यायला. इतकी वर्षं ह्यांनी त्या गाडीवर धुळीचा कण बसू दिला नाही. दर रविवारी फडकं घेऊन शेडमध्ये! मी एकदा म्हटलंही — देव इतके पुसलेत का कधी? पण कागदावर नाव थोरल्यांचं. इंजिन बंद पडलंय तरी हवीच. जीपला भाड्याचा ट्रेलर जोडणार, त्यावर चढवून नेणार.

ह्यांनी फोनवर काय म्हणावं? "ये दादा, नीट बांधून देतो." घर लुटायला आलेल्यांना दिवा धरतील हे!

५ मार्च, गुरुवार

तिच्याशी अबोला आहे, तो राहणार. चार लोकांत म्हणाली होती, "आमच्या धाकट्या जाऊबाई चहाची पूड दोनदा उकळतात हो!" आणि हसली. उकळते! कोणाच्या बापाचं काय गेलं? जपाला बसलं की माळ संपते, ते हसणं संपत नाही.

६ मार्च, शुक्रवार

आदल्या संध्याकाळीच येऊन टपकले. म्हणजे आणखी दोन जेवणं.

मी लेकीला म्हटलं, "काकूला विचार, चहात साखर किती." ती समोरच खुर्चीत. ती कसली कमी! "आईला सांग, पूड ताजी असेल तर घेईन, नाहीतर पाणी चालेल." लेक उखडली. "दोघी एकाच खोलीत आहात, मी काय टपाल वाटू?" कॉलेजात गेल्यापासून जीभ फार चालते हिची. पण निरोप तिनेच पोचवला.

पूड ताजी घातली. पाणी मात्र जास्त.

७ मार्च, शनिवार. सकाळी

गाडी चढली. जीपचा ड्रायव्हर, दीर, हे — तिघांनी फळ्यांवरून ढकलली. मग ह्यांचा सोहळा! इंजिनाचं तोंड पुढे. गिअर टाकला, हॅण्डब्रेक ओढला, चाकांना ठोकळे लावले. मग प्रत्येक टायरवरून पट्टा घेऊन खालच्या कडीत, आणि खटक्याने आवळत बसले. दीर खांबाला टेकून, "बास रे लहान्या, गाडी आहे, हत्ती नाही!" हे म्हणाले, "दादा, टायर आणि पट्टा ह्यांच्यात काही येऊ द्यायचं नाही. कापडसुद्धा नाही. गचक्यांनी कापड दबतं, पट्टा ढिला पडतो, मग गाडी नाचते."

सगळ्यांनी ऐकलं. मीसुद्धा, ओट्यापाशी.

हे आंघोळीला गेले. आणि बघते तर काय — बाईसाहेब माझ्या दोरीवरच्या दोन चादरी ओढून निघाल्या! विचारणं नाही, काही नाही. मागच्या चाकांच्या नव्या व्हीलकॅपना ओरखडे येतील म्हणे. दिरांनी मागचे दोन्ही खटके सोडले, तिने चादरींच्या घड्या पट्ट्यांखाली सारल्या, पुन्हा आवळलं. बायकोपुढे ह्या माणसाचं डोकं चालेल तर शपथ! त्या दोन्ही चादरी मी परवाच रफू केल्या होत्या.

खिडकीतून सगळं दिसत होतं. ओरडणार होते. पण कोणाला? तिच्याशी बोलत नाही. लेक घरात नव्हती. ह्यांना सांगायचं, तर हे परत तासभर बांधत बसणार, आणि ते जेवूनच जाणार!

नाही सांगितलं. नाचू दे गाडी. घ्या म्हणावं आता माझ्या चादरी.

दुपारी

गेले एकदाचे. फाटकातून वळताना तिने हात हलवला — मला नव्हे, घराला. देवापुढे बसले. म्हटलं, मी कशाला हात लावलेला नाही, तुला माहीत आहे. आज माळ भराभर सरकली.

चादरी हिशेबात कुठे मांडायच्या? दान म्हणून? छे! चोरी.

नंतर

स्कूटर जागेवर नाही. मला वाटलं, हे बाजारात गेले. लेक आली, तिला वाटेत भेटले होते. ट्रेलरच्या मागेमाग चाललेत! "आई, थोडं अंतर गेल्यावर पट्टे पुन्हा आवळावे लागतात. काकांना नीट आवळता येत नाही ना, म्हणून बाबा गेलेत."

मागेमाग. गाडी मागे घसरली तर कोणावर?

ह्यांचा फोन टीव्हीवरच राहिलाय. दिरांचा लागत नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे. लावला. वाजला. तिने "हॅलो" म्हटलं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना! तीच खेकसली, "कोण आहे? बोला ना!" मग बोलले. "जाऊबाई, गाडी थांबवा. चादरी काढा. हे मागे आहेत."

ती म्हणाली, "भावजींनी थांबवलं केव्हाच. पुलाच्या चढावर गाडी मागे सरकली, ट्रेलरच्या मागच्या फाळक्याला धडकून राहिली. ते स्कूटर बाजूला घ्यायला गेले आणि पडले. हात सोललेत, बाकी ठीक." आणि मग — "तुम्हाला कसं कळलं चादरींचं?"

फोन ठेवला.

संध्याकाळी

आले. दोन्ही हातांना पट्ट्या. चादरींची घडी ओट्यावर ठेवली, टायरच्या काळ्या खुणांसकट. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, दमलेत.

८ मार्च, रविवार

आज रविवार. हे फडकं घेऊन शेडमध्ये गेले, तसेच परत आले. मी हातभर अंतरावर उभी होते. लेकीला म्हणाले,

"आईला सांग, चहा ठेव म्हणावं."