अप्पांचा चेहरा पिवळा येतोय

५ फेब्रु.
कॉलेजच्या व्हिडिओत बापाचं काम आमचे अप्पाच करणार. हो म्हणाले चक्क! सीन एवढाच: पोरगी शिकायला निघालीय, बाप पिठाचे हात झटकून तिच्या डोक्यावर ठेवतो. पोरगी मी. शूटिंग आमच्या गावात, कोहिनूरला, आमच्याच पिठाच्या गिरणीत. वर्गातला मल्लू मोबाईलवर घेणार.
आज तालीम केली तर अप्पा एका झटक्यात रडून मोकळे. मीच हसत बसले, येडी.

६ फेब्रु.
शूटिंग केलं, पण सगळं वाया. अप्पा पिवळेजर्द आलेत. मल्लू म्हणे, "तुमचा बल्बच तसलाय, माझ्या मोबाईलला नावं ठेवू नको." पांढरा बल्ब लावला. तेच.

८ फेब्रु.
गिरणीचं दार सताड उघडलं, थर्माकोलनं ऊन आत फेकलं. भिंत पांढरी, पीठ पांढरं, मी हाय तशी. अप्पाच पिवळे. मल्लूनं त्यांचा चेहरा मोठा करून बघितला अन् शूटिंग थांबवलं. डोळ्यातलं पांढरंपण पिवळं...
"कामून थांबलास रे?" अप्पा.
मल्लूनं मोबाईल खिशात टाकला.

९ फेब्रु.
आईनं अप्पांना कावीळ उतरवायला शेजारच्या गावी नेलं. तिथल्या बाईनं चुन्याच्या पाण्यात हात चोळले. पाणी पिवळं झालं. आई खुश. "निघाली बघ सगळी!"
घरी आल्यावर उन्हात डोळे बघितले. तसेच. भ्या वाटायलंय.

१२ फेब्रु.
भांडून बीदरला नेलं. डॉक्टर: वजन उतरलंय का? अप्पा: न्हाई. खोटं! पँट सुतळीनं बांधायलेत कधीपासून. सोनोग्राफी झाली. डॉक्टर लई वेळ कागदच बघत बसले. मग म्हणाले, कलबुर्गीला मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर नको.
अप्पा म्हणतात, "पोरीचा व्हिडिओ होऊ दे आधी."
आग लागो त्या व्हिडिओला.

१४ फेब्रु.
मल्लूनं रंग दुरुस्त करून व्हिडिओ पाठवला. कुणी सांगितलं होतं शहाण्याला! अप्पा अगदी पहिल्यासारखे दिसतात त्यात. आई दुपारपासून तेच लावून बसलीय. "बघ की गं, काय झालंय ह्यांना? किती चांगले दिसायलेत. कलबुर्गीच्या गाडीचं पुढच्या आठवड्यात बघू."
ओरडले तिच्यावर. ती रडली. मीपण.
अप्पा दारातल्या उजेडाकडं पाठ करून बसलेले. म्हणाले, "माय, माझा हात नीट आलाय का तुझ्या डोक्यावर?"
"आलाय," म्हटलं.
गाडी उद्या सकाळची हाय. आईनं पिशवी भरली न्हाई अजून.