नाशिकला गेलेली भूमिका माझ्या ओट्यावर बसली आहे

नवापूर तालुका,
सप्टेंबर, पावसाची उघडझाप चालू.

माझी लाडकी आणि (निवृत्त झालीस तरी आमच्या पाड्याच्या लेखी कायमची) मेट्रनबाई गजरा हिला ग्रेसीचा प्रभूमध्ये सलाम. तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा सलाम, कारण मागच्या पत्रात मी डाव्याचीच चौकशी केली तर उजवा रुसून बसला असं तू कळवलं होतंस. माझी तब्येत ठीक आहे. साखर थोडी वर आहे, पण या वयात आपलं काहीतरी वर जातंय याचंही बरंच वाटतं. पत्र लिहायला बसलं की होस्टेल आठवतं. सिस्टर दर शनिवारी आपल्याला पत्रं लिहायला बसवायच्या, आणि आधी क्षेमकुशल, मग हकिकत, मागणं असलं तर सगळ्यात शेवटी, असा त्यांचा नियम होता. दारात पाऊल टाकताच हात पुढे करू नये, म्हणायच्या. मी तो नियम अजून पाळते. (तसं माझं मागणं काही नाही.)

हकिकत आमच्या भूमिकाची. माझा भाऊ रामसिंग, त्याची ही धाकटी. तू तिला पाहिलंस तेव्हा ती तुझ्या पर्सचा पट्टा चघळत होती. आता बारावी झाली आणि नर्सिंगच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षेला बसली. जागा मूठभर आणि पोरी सगळ्या महाराष्ट्रातल्या, त्यामुळे तिने अभ्यास असा केला की पाड्यावरच्या प्रत्येकाची नाडी मोजून झाली, आणि माणसं संपल्यावर रामसिंगच्या बैलांची झाली. (बैलाची नाडी शेपटीखाली लागते. हे मला या वयात कळायची काही गरज नव्हती.)

पुढे गुणवत्ता यादी लागली आणि तिच्यात भूमिकाचं नाव आलं. आता यादी म्हटली की आमच्या लोकांना ऊसतोडीच्या टोळीची यादी माहीत. मुकादमाने नाव घेतलं की माणूस बोचकं बांधून ट्रकमध्ये बसतो. यादीत नाव आहे आणि तरी घरीच थांबायचं, असला प्रकार इथे कुणी ऐकलेला नाही. त्यामुळे संध्याकाळपर्यंत कोंबड्या कापल्या गेल्या. निरोपाचं जेवण झालं. सकाळी ढोल वाजवत आम्ही तिला फाट्यावर नेलं. तिथे पाळकसाहेबांनी प्रवासासाठी प्रार्थना सुरू केली, ती बस येऊन थांबली तरी चालूच होती. शेवटी ड्रायव्हरनेही इंजिन बंद करून डोळे मिटले. आम्ही सगळे रडलो. भूमिका दहादा सांगत होती की अजून कॉलेज मिळायचं आहे, पण ढोलापुढे कुणाचं काय ऐकू येतं? नर्सिंग म्हणजे तुझं नाशिकच, असं धरून तिला बसमध्ये चढवलंच.

नवापूरला ती लोटनच्या दुकानात गेली. हा शहाद्याकडचा, इंटरनेटची कामं करतो. त्याने स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, "बेन, नाव उनं शे, पन कालेज भेटनं नही. आते फेऱ्या व्हतीन, मंग समजी." म्हणजे कॉलेज कुठलं ते प्रवेशाच्या फेऱ्या झाल्यावरच कळणार होतं. दिवस मावळता मावळता पोरगी जीपने परत आली, पेटीसकट.

इथे तुला आमच्या पाड्याची एक जुनी रीत सांगायला हवी. टोळी गुजरातेत गेली आणि निरोप झालेला माणूस मधूनच परत आला (आजारी पडून, मुकादमाशी भांडून, किंवा नुसतीच घराची आठवण येऊन), तर टोळी सणाला घरी येईपर्यंत, म्हणजे नाताळपर्यंत, तो कुणाला दिसत नाही. म्हणजे तो असतो, जेवतो, लाकडं फोडतो, पण दिसत नाही. का आलास, असं विचारून त्याला मान खाली घालायला लावू नये म्हणून म्हाताऱ्यांनी काढलेली ही रीत. एवढ्या दिवसांत तो स्वतःच्या घरी मात्र राहत नाही, कारण आईबापांना पोराकडे न बघणं झेपत नाही. तेव्हा भूमिका अंगण ओलांडून माझ्याकडे आली, आणि पाड्याच्या हिशेबी ती नाशिकला पोचली.

गजरा, महिना होत आला, मी हे नाशिक चालवते आहे. रामसिंग रोज संध्याकाळी आपल्या अंगणातून तिला फोन लावतो. ती माझ्या ओट्यावरून उचलते. दोघांच्या मध्ये एक शेवग्याचं झाड. नाशिक लांब म्हणून तो ओरडून बोलतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येतं, एकदा झाडातून आणि एकदा फोनमधून. तिकडे पाऊस आहे का, विचारतो. ती आभाळाकडे बघते आणि बारीक आहे म्हणते. तोही त्याच आभाळाकडे बघतो आणि सांगतो की इकडेही तसाच आहे. मग दोघांनाही बरं वाटतं.

वहिनी, म्हणजे मंगळीबाई, रोज नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून आणते आणि नाशिकला कुणी जाणारं असेल तर द्या, म्हणून माझ्या हातात ठेवते. परवा भूमिका तिच्यासमोर जेवता जेवता म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे. वहिनी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, त्या नाशिकवालीला सांगा, तिनेच आजीचं मीठ कमी करायला लावलं होतं. शेजारची कालीबाई तर कमालच करते. ती येते, पोरगी असती तर माझी नाडी बघितली असती म्हणून सुस्कारा सोडते, आणि तोंड भिंतीकडे करून हात मागे धरते. भूमिका मोजते, आकडा मला सांगते, मी कालीबाईला सांगते. भिंतीकडे बघूनच ती माझे आभार मानते. रविवारी पाळकसाहेब दूर परगावी असलेल्या आमच्या लेकीसाठी प्रार्थना करतात आणि सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणते ती लेकच. एकटा रामसिंगचा कुत्रा रीत मानत नाही. तिला बघून शेपूट हलवतो आणि रोज शिव्या खातो.

एवढं हसू येतं म्हणून लिहिलं. पण पहिली फेरी गेली, तिचा नंबर लागला नाही. आता शेवटची राहिली आहे. ती दिवसातून कितीदा तरी पाण्याच्या टाकीवर चढते, कारण फोनवर इंटरनेट तिथेच येतं, आणि खाली उतरते तेव्हा तिला काही विचारायचं नाही हे मलाही कळलं आहे. काल मी वाल सोलत होते. शेजारी बसून ती एकदम म्हणाली, "आत्या, नंबर लागलाच नाही, तर मी नाताळला परत कुठून यायचं?"

मी तिच्या पुढ्यात आणखी वाल ओतले.

असो. हकिकत संपली. गुडघ्यांना जप. जिन्यावरून उतरताना कठडा धर, तू नर्सांना धरायला लावायचीस तसा.

तुझी,
ग्रेसी

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत भूमिका टाकीवरून ओरडली. मला वाटलं पडली. पडली नव्हती, नंबर लागला. कॉलेज नाशिकचंच! रामसिंगने ती ओरड ऐकली, आणि धावत यायचं सोडून त्याने फोन लावला. तिकडे पाऊस आहे का, एवढंच त्याने विचारलं. टाकीवरून उत्तर आलं, बारीक आहे.

आणखी एक. उद्या सकाळच्या बसने ती निघेल. निरोप द्यायचा नाही, कारण ती आधीच गेलेली आहे. पण कालीबाईला उद्या फाट्यावर बस वेळेवर येते का ते बघायचं आहे. पाळकसाहेबांना तिथली हवा मानवते असं आजच कळलं. रामसिंग ढोल उन्हात धरायला नेणार आहे (ऊन पडलं तर). वहिनी रात्रीच्या सगळ्या भाकरी घेऊन जाणार आहे, नाशिकला कुणी जाणारं भेटलं तर म्हणून. मीही हे पत्र टाकायला जाणार आहे. टपालपेटी माझ्या घरामागे शाळेच्या भिंतीलाच आहे, पण ती मला कधीच आवडली नाही.

शेवटचं, आणि हे मागणं आहे. पत्र टपालाने यायच्या आधी ती पोचेल, म्हणून मी ते फाट्यावर तिच्याच हाती देणार आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी असणार, पेटी घेऊन. होस्टेलच्या पहिल्या दिवशी माझ्या पेटीचा दुसरा कान तू धरला होतास, तशी हिची धर. गुडघे दुखले तर मला शिव्या दे. होस्टेल मिळेपर्यंत तिला ठेवून घे, नाडी बघायला लागली तर हात दे.

पण आधी हे पत्र खाली ठेव आणि तिच्याकडे सरळ बघ. महिनाभर तिच्याकडे कुणी बघितलेलं नाही.