न पाहिलेल्या देशांचे शब्द

आई,

मुलुंडच्या वाचनालयात तू पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायचीस आणि दुपारी वर्दळ कमी झाली की नकाशे उघडून बसायचीस. तिथलेच एक सभासद मराठी मंडळींना युरोप दाखवायला न्यायचे. परदेशातल्या गोष्टी प्रवाशांना आधीच कळाव्यात म्हणून त्यांनी तुला एक वही लिहायला सांगितली. कोकणापलीकडे कधी न गेलेल्या बाईला. मग पोळ्या लाटता लाटता तू आम्हाला शब्द ऐकवायला लागलीस. सिएस्टा म्हणजे वामकुक्षी, पण अख्ख्या गावाने एकदम घेतलेली. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत घुसलेली खाडी. "आपली जयगडची खाडी डोळ्यांसमोर आण, फक्त हाडं गोठवणारी थंडी घाल तिच्यात." बाबा म्हणायचे, "अगं, आधी आमटीत मीठ घाल." आम्ही हसायचो. एकदा मी फारच हसलो, तेव्हा लाटणं खाली ठेवून तू म्हणालीस, "माझा उच्चार चुकला ना? मग बरोबर काय ते तू सांग." मला येत नव्हता.

दर उन्हाळ्यात प्रवाशांच्या बैठकीत तू हे सगळं समजावून सांगायचीस आणि प्रवासी निघून जायचे. मी दहावीत जाणार त्या वर्षी ते गृहस्थ घरी आले. "बाई, या मे महिन्यात तुम्हीच चला ग्रुपबरोबर. तिकिटाचं मी बघतो." तुझा पासपोर्ट आला. बाबांना तू पिठलं करायला शिकवलंस. आणि मी म्हणालो, "दहावीच्या वर्षी कुणाची आई फिरायला जाते गं?" बाबांनी पेपर तोंडापुढून हलवला नाही. दुसऱ्या दिवशी तू नाही म्हणून कळवून आलीस.

तुझ्या जागी त्या गृहस्थांची मेहुणी गेली, तुझी वही घेऊन. परतल्यावर चॉकलेटं द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, तुमची वामकुक्षी अगदी खरी निघाली हो!" तू म्हणालीस, "हो का? बरं झालं," आणि चहा टाकलास. वही मात्र पुन्हा कधी लिहिली नाहीस.

पुढे पेपरच्या कामासाठी मी पुष्कळ फिरलो. बघायचं, वेळेत मजकूर द्यायचा, विसरायचं. फ्योर्डही पाहिला. जयगडच्या खाडीसारखा तो मुळीच नाही. कडे सरळ पाण्यात उतरतात, किनारा असा नसतोच. मी लेखात लिहिलं, याला खाडी म्हणणाऱ्याने तो पाहिलेला नसतो. संपादकांना ते वाक्य फार आवडलं. तुला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहू शकतो. त्या मे महिन्यात माझा क्लास सकाळी दोन तास असायचा. उरलेला दिवस मी खाली कॅरम खेळत होतो. अभ्यासाची काळजी मला नव्हतीच. शेजारणीकडून मागून आणलेला स्वेटर घालून तू आरशासमोर उभी होतीस, एकटीच हसत होतीस. त्या हसण्यात आमच्यापैकी कुणी नव्हतं. तेवढं मला बघवलं नाही.