गरनाळ्याच्या चढावर बसलेली गाडी

गोडादरा, सुरत
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप धुडकूदादास,

उषाचा वाकून नमस्कार. तुझा दमा, वहिनीचे गुडघे आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. नसतील तर पुढच्या पत्रात सविस्तर विचारीन, आज वेळ नाही. फोन सोडून पत्र का, तर आमची खोली एक, फोन एक, आणि ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत. शेजारची धुरपदाबाई उद्या सकाळच्या भुसावळ गाडीने दोंडाईचाला येते आहे, तिच्या पिशवीत हे घालते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे. हसायचं ते वाचून झाल्यावर हस.

मुद्दा असा की तुझे पाहुणे, म्हणजे आमचे हे, सोमवारपासून इच्छापोरला ठेकेदाराकडे गोण्या उचलायला जातो म्हणतात. मणका सरकलेला माणूस. डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलंय की पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, म्हणून तर आपण ती जुनी लोडिंग रिक्षा घेतली, की बसून कमवा. आता रिक्षाची किल्ली देवाच्या फळीखाली खिळ्याला लटकवलीय आणि चार दिवस माझ्याशी बोलणं बंद. (म्हणजे पूर्ण बंद नाही. काल मीठ मागितलं. पण शेजारच्या पोरीकरवी.)

झालं काय, तर रिक्षाचा कॅमशाफ्ट घासून गेला. तुझी हयात पाण्याच्या इंजिनांत गेली, तुला कॅम शिकवायला मी वेडी नाही. पण मला काय कळलंय ते लिहिते, म्हणजे तुला कळेल की मला कळलंय. इंजिनाला दोन तोंडं, एक खायचं, एक धूर सोडायचं. ती कधी उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची ते त्या कॅमच्या दांड्यावरचे अंड्यासारखे उंचवटे ठरवतात. उंचवटा मोठा आणि रुंद असला की तोंड जास्त वेळ उघडं. गाडी जोरात पळत असेल तर तिला पोटभर मिळतं, ती उडते. पण हळू चालताना तेच तोंड उघडं राहिल्यामुळे खाल्लेलं बाहेर सांडतं आणि ओढायला ताकदच राहत नाही. म्हणून गाडी कशी चालवायची ते आधी सांगायचं आणि मग कॅम कापून घ्यायचा. एवढी सोपी गोष्ट. (मला ही गेल्या सोमवारनंतर समजली.)

आमच्या गाडीचा कॅम कंपनीने बनवणं बंद केलंय. बाजारात जुना मिळतो तो आमच्यापेक्षा म्हातारा. मग कोणीतरी कतारगामच्या जेरामभाईंचं नाव सांगितलं. हा माणूस तीस वर्षं हिरे घासायचा. कारखाना बंद पडला तर त्याच नजरेने कॅम घासायला लागला. डोळ्याला भिंग लावून उंचवटा असा फिरवतो, की वाटतं आता भाव सांगेल. त्याने आमचा नवा दांडा घासून दिला, रविवारी बसवला. रिकामी गाडी पर्वत पाटियाच्या रस्त्यावर नेली आणि काय सांगू, मागच्या मोटारसायकलवाल्याला आमचा धूरसुद्धा दिसला नसेल. मी त्याच संध्याकाळी हर्षदाच्या सासरी फोन करून सांगितलं, की तुझ्या बापाने नवी गाडी घेतल्यासारखी गाडी झालीय.

सोमवारी मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे भरले. लग्नाचा माल. आमच्या गल्लीतल्या अकरा बायका लेस लावायला सुया ओवून बसलेल्या, आणि शेठने सांगितलेलं की माल वेळेत परत आला नाही तर पुढचा दुसऱ्या गल्लीत जाईल. सपाट रस्त्यावर गाडी कुरकुरली, तरी आली. लिंबायतच्या गरनाळ्यात, रेल्वेच्या पुलाखाली, उतरलो तोपर्यंत ठीक. पलीकडच्या चढाला पुढे रिक्षांची रांग, त्यामुळे हळू. आणि हळू म्हटलं की हिचा जीव गेला. पुन्हा चालू केली, पुन्हा गेला. मग ती मागे सरकायला लागली. मागे बस. बसमध्ये माणसं. मी उडी मारली, खांदा लावला, पण माझ्या खांद्याने काय होतं. तेवढ्यात हे उतरले आणि चाकामागे दगड टाकायला वाकले, तर दगड बसायच्या आधी बोट बसलं. रक्त बघून मला भोवळ यायला हवी होती, पण मला राग आला. (माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी आईच्या तेराव्यालाही आचाऱ्याशी भांडले होते.) बसवाला म्हणतोय, बेन, बाजू पर लो. बाजू कुठे आहे गरनाळ्यात. आणि सगळ्यांदेखत मी यांना म्हणाले, गाडीपण तुमच्यासारखीच निघाली, रिकामी असली की उडते, वजन पडलं की बसते.

त्यांनी बोटाला रुमाल गुंडाळला. माल दुसऱ्या टेम्पोत चढवला, बायकांनी कालपर्यंत बसून वेळेत दिला. मालाचं निभावलं. माणसाचं नाही. घरी येऊन किल्ली खिळ्याला लावली आणि एकदाच बोलले, "तूच हाक आते." आता गाडी मी हाकायची म्हणे.

तर तू उद्या संध्याकाळी फोन कर आणि पाहुण्यांना चांगलं खडसाव. तू मोठा आहेस, इंजिनातला आहेस, तुझं ते ऐकतात. सांग की कॅम चुकीचा घेतला ते घेतला, आता त्यापायी रुसून मणका मोडून घेऊ नका. बाईमाणूस रागात बोलतं. झालं. मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
उषा

ता.क. खडसावू नकोस. जेरामभाईंनी कॅम घासायच्या आधी विचारलं होतं, "भाई, गाडी केवी रीते चलावो छो? धीमे के फास्ट?" पाहुण्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो. ते आधी छताकडे बघतात. मला गठ्ठे मोजायला मार्केटला जायचं होतं, म्हणून मीच बोलले, फास्ट, फास्ट, हमारे पास टाइम नहीं है. जेरामभाईंनी दुसऱ्यांदा बजावलं, वजन घेऊन हळू ओढणार नाही ती, बेन. मी म्हणाले, तुम बनाओ.

ता.क. दुसरं. बुधवारी जेरामभाईंचा फोन आला, गाडी कशी आहे विचारायला. मी मोरीत भांडी घासत होते. हे म्हणाले, "मुझसे बोलने में गलती हो गई, भाई." मुझसे. त्यांना वाटलं नळ चालू आहे. नळ मी बंद केला होता.

ता.क. तिसरं. जेरामभाई दुसरा दांडा घासायला तयार आहेत, रविवारी दुकान उघडं ठेवतो म्हणालेत. फक्त पाहुण्यांनी जायला हवं, किल्ली खिळ्यावरून काढायला हवी. हे मी सांगितलं तर जाणार नाहीत, म्हणून तू सांग. मी लिहिलंय हे कळलं तरी चालेल, लपवू नकोस. आणि गाडी कशी चालवता ते त्यांनाच विचार. ते छताकडे बघतील, फोनवर बराच वेळ आवाज येणार नाही. तू ठेवू नकोस, थांब. मी मध्ये बोलणार नाही. त्या वेळेला मी खाली पाणी भरायला जाईन.