वाकळंत शिवलेली गाडी

सोमवार, ५ जानेवारी

सगळ्यात आधी आली फुलाबाई. शेजारीण, पण येती वावटळीवानी! चहा चुलीवर तसाच. "सारजे, ऐकलंस का? गुरुवारी तहसीलातली मॅडम येणार, निराधार योजनेचा पगार घेणाऱ्यांची तपासणी. कुणाच्या तरी दारात म्हस दिसली नि पगार बंद झाला म्हणं!" कुणाच्या ते काय तिला सांगता येईना.

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. हातावर सरकत संसार केला, लेक वाढवला. पगार बंद झाला तर तंबाखूला पण सुनंपुढं हात पसरायचा?

आणि चार शेळ्या हायेत की माझ्या! फुलाबाईच्या दारात बांधलेल्या, म्हणून गावाला वाटतं तिच्याच. पण त्यातली थोरली, चंपी, मी घेतली, पगारातनं मागं टाकून टाकून. मला चारता येत न्हाय, म्हणून फुलाबाईला अर्धलीनं दिली — राखायचं तिनं, करडं निम्मी तिची, निम्मी माझी. हे आमा दोघींतच.

बाकीचे पैसे माझ्या पांघरायच्या वाकळंत. पगार झाला की एक नोट, वर एक ठिगळ. सून सोनल म्हणती, "आत्याबाई, किती ठिगळं! नवी चादर आणू का?" नको गं बाई!!

कशाला साठवती ते लिहिते. वही कुठं बोलती! बारामतीत एकाकडं जुनी बॅटरीची तीनचाकी हाय, चोवीस हजार सांगतो. धाकटी बहीण सरू मळ्यात राहती, दीड कोसावर. पण मला कुणी पोत्यागत उचलून गाडीत घातलं तरच जायचं. मला माझं माझं जायचंय.

मंगळवार, ६ जानेवारी

ठरलं. गुरुवारी फुलाबाई शेळ्या लांब वढ्याकडं नेणार.

सोनल बाजाराला गेली, दार सताड उघडं. "आत्याबाई हायेत की, कुलूप कशाला!" आमच्या घराला कुलूपच न्हाय. मीच कुलूप.

गुरुवार, ८ जानेवारी

लिहिताना हसू आवरंना! मॅडम आली, इंदापूरकडची, चष्मेवाली, संगं मानसिंग कोतवाल. मी जुनेर नेसून, तोंड पाडून बसलेली.

"आजी, जनावरं काही?"

"कुठली बाई! एक मांजर हाय, ती पण दुसऱ्याची."

मानसिंग मिशीत हसला. तेवढ्यात — ब्यां! चंपी पुढं, मागं तिन्ही करडं. रोज ह्याच वेळंला मी भाकरी चारती, ती कशाला चुकवंल! थेट माझ्या मांडीत. मागनं फुलाबाई धापा टाकत, "दावं तोडलं गं तुझ्या चंपीनं!"

तुझ्या!! झालं, झाकली मूठ उघडली.

मग सगळं सांगितलं. रडत सांगितलं, वाकळ पण दावली. मॅडमनी एक ठिगळ हातानं चाचपलं. म्हणाली, "आजी, चार शेळ्यांनी पगार जात नाही. आणि साठवायला कुणी मनाई केली?" मी दोनदा विचारलं, दोनदा तेच म्हणाली. पाच वर्षं माझ्याच पैशाची मी चोर!

अंगठा मात्र मशीनला घावंना. हातावर चालून रेघाच राहिल्या न्हाईत. "पुढच्या गुरुवारी दहाला डोळ्याचं मशीन आणते. घरी असाल ना?"

मानसिंग म्हणतो, "म्हातारी कुठं जातीया, मॅडम! कवाबी या, घावणारच."

झोंबलं मला ते.

रविवार, ११ जानेवारी

सोनल दोन दिवस फुगलेली. "मला पण सांगितलं न्हाय व्हय, आत्याबाई?" आज आपणहून कात्री घेऊन बसली. ठिगळं उसवत गेलो नि नोटा निघत गेल्या, तशी हसायला लागली. "आणि मी ही वाकळ बोहारणीला देणार हुते!"

साडेसोळा हजार! चंपीची दोन बोकडं विकली त्याचे पंधरा आले, निम्मे फुलाबाईचे, निम्मे माझे. तिघींनी तीनदा बेरीज केली. चोवीस. नेमके चोवीस!!

मंगळवार, १३ जानेवारी

गाडी आली. लाल! आधी कोंबडीवर घातली (वाचली बिचारी), मग पारापर्यंत नेली. मानसिंग बसलेलाच. "आरं तिच्या! आज्जे, लायसन हाय का?"

"तुझ्या जिभंला हाय का रं?"

सगळा पार हसला.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दरसाल बाया तिळगूळ घेऊन माझ्याकडं येत्यात. आज मी सात घरं केली. सोनलला बाजारातनं एक वस्तू आणायला सांगितली. हसतच पिशवी घेऊन गेली.

गुरुवार, १५ जानेवारी

मॅडमनी नि मानसिंगनं आज दहाला यायचं कबूल केलंय. येऊ द्यात. मी साडेनवालाच चावडीवर जाऊन बसती, डोळा काय घ्यायचा तो तितं घ्या. तितनं तशीच सरूकडं.

लेक कारखान्यावर, सोनल रानात. दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कनवटीला!