सापाचा दुसरा साक्षीदार

३ नोव्हेंबर
ही थोरल्या बहिणीकडे गेली. हवापालट. गरम कपडे आणि शिलाई मशीनही नेलं. तिकडे वेळ जात नसेल. जाताना म्हणाली, आता तुम्ही आणि तुमचा समुद्रातला साप सुखाने नांदा. शुभेच्छा स्वीकारल्या.
घर शांत. संशोधनाला उत्तम. संकल्प: रोज सकाळी धक्क्यावर जायचं, फोन करायचा नाही.

५ नोव्हेंबर
फोन केला. साखरेचा डबा कुठे आहे, एवढंच विचारायला. लग्न झाल्यापासून आहे तिथेच, म्हणाली. डबा माझ्या हातातच होता, पण खात्री केलेली बरी.

९ नोव्हेंबर, सकाळ
दिसला. पाण्यावर कुबडं, एकामागे एक. जुने खलाशी घोड्यासारखी आयाळ सांगतात, तीही असावी. चष्मा धुरकटला होता. बोटींचा मेकॅनिक म्हणाला, मास्तर, ते जाळ्याचे फ्लोट आहेत. गाढवाला गुळाची चव काय.

११ नोव्हेंबर
संग्रहालयात गेलो. क्युरेटर बाईंचा नियम जुनाच: एकाला दिसला तर भास, दोघांना दिसला तर नोंद. दोघांनी साप पाहायचा, मग पाठीला पाठ लावून, न बोलता, आपापलं चित्र काढायचं. आमच्या नऊ नोंदी तिथे आहेत. ही मांडीवर स्टीलचा डबा उघडून बसायची. चित्र काढताना भूक लागते म्हणे. कुबडांची संख्यासुद्धा दर वेळी जुळली. फरक एकच. माझ्या सापाचं तोंड डावीकडे, हिच्या उजवीकडे. त्यावरूनच माझा जोडीचा सिद्धांत: मला नर दिसतो, हिला मादी, आणि दोघं कधी एकमेकांना सोडत नाहीत.
बाईंनी विचारलं, मिसेस नाही आल्या? म्हटलं, हवापालट.

१४ नोव्हेंबर
मेकॅनिकला साक्षीदार केलं. त्याने फ्लोट काढले, दोरीसकट. दृष्टीच नाही.
भात पुन्हा करपला. पातेलं जुनं झालंय.

१८ नोव्हेंबर
हिला फोन. म्हटलं, केवळ शास्त्रासाठी ये. तिकडचं शिलाई मशीन थांबलं. मग म्हणाली, रविवारी येते.
घर झाडलं. हिची उशी उन्हात टाकली. शास्त्राशी संबंध नाही, पण धूळ फार होती. संकल्प: परत ये, असं आपण म्हणायचं नाही. तीच म्हणेल.

२२ नोव्हेंबर, रविवार
आली. हातात फक्त पर्स. बॅग मागून येत असेल. डबाही नव्हता.
कुबडं दिसली. बाकावर पाठीला पाठ लावून बसलो. हिची पाठ तशीच, उबदार. मला रडू आलं. वारा फार होता.
चित्रं उघडली. हिच्या कागदावर एक आडवी रेघ. म्हटलं, साप कुठाय? म्हणाली, मला कधीच दिसला नाही हो. इतकी वर्षं डब्याच्या झाकणात तुमचं चित्र बघून काढायचे. झाकणात उलटं दिसायचं. तुमचं तोंड एवढंसं झालं असतं, ते बघवलं नसतं. आता दमले.
माझ्या वर्गात कॉपी करून कोणी सुटलं नाही, असा शाळेत लौकिक होता माझा.
परत ये, म्हणालो. दोनदा म्हणालो. तिने माझ्या कोटाचं बटण लावलं आणि संध्याकाळच्या बसने गेली.

२४ नोव्हेंबर
मादी नव्हतीच. नरही नसावा.
संग्रहालयात जाऊन सगळ्या नोंदी रद्द केल्या. बाई म्हणाल्या, चित्रं परत हवीत का? म्हटलं, उजवीकडे तोंड असलेली तेवढी द्या. घरी आणून स्वयंपाकघरात टेबलावर मांडली. सुरुवातीच्या चित्रांत हिने एकेक खवला जपून काढलाय. शेवटच्यांत शेपटी नुसती ओढलेली. मी ती तेव्हा पाहिली होती, जुळली म्हणून खूश झालो होतो.
चहा केला. साखर फळीवरच होती. फोन करायला कारण सापडलं नाही.