यांच्या केसपेपरवर भाच्याची चौकशी

चि. ऋतुराज यास, ठाकुर्लीहून रचनाताईचे पोटभर आशीर्वाद. शिवानीची तब्येत कशी आहे? डिंकाचे लाडू तिनेच खाल्ले ना? (तू खाल्ले असशील. मी तुला ओळखते.) आम्ही ठीक. यांचा गुडघा दुखतोय, पण तो तू दहावीत असल्यापासून दुखतोय, तेव्हा ती काही बातमी नव्हे.

तुझा मेसेज मिळाला. बाळाची सुंता करायची की नाही ते हॉस्पिटलला आठवड्यात कळवायचंय, आणि ‘ताई, तुला काय वाटतं?’ अरे, परदेशी गेल्यापासून सहा वर्षांत तू घर घेतलंस, दोन नोकऱ्या बदलल्यास, दाढी ठेवलीस; एकदाही विचारलं नाहीस. विचारलंस ते हे! फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि समोर शिवानीचे वडील चहा पीत बसलेले. म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय.

इथल्या डॉक्टरांना विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत भाजीवाल्याने मला सल्ला दिला असता. म्हणून यांना घेऊन वर्तकनगरला गेले, यांच्या हर्नियाच्या सर्जनकडे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंट नाही तर केसपेपर कुणाच्या नावाने काढू? मी म्हटलं, नवा कशाला, यांचा जुना आहे की, त्यावरच लिही. तिने लिहिलं. सीताराम, वय अठ्ठावन्न, सुंतेबाबत सल्ला. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि फार मायेने विचारलं, ‘काका, आत्ताच का वाटलं?’ आणि तुझे भावजी, जे डॉक्टरांपुढे आजवर जीभ दाखवण्यापलीकडे गेलेले नाहीत, ते म्हणाले, ‘हिला विचारा.’ (घरी येईपर्यंत रिक्षात माझ्याशी बोलले नाहीत. तेवढाच आराम.)

खुलासा झाल्यावर डॉक्टर नीट बोलले. फायदे आहेत: पहिल्या वर्षात लघवीच्या जागेचं इन्फेक्शन कमी होतं (मुळात ते फार मुलांना होतच नाही), मोठेपणी काही आजारांचा धोका थोडा उतरतो. तोटे म्हणजे दुखणं, रक्तस्राव, क्वचित जखम चिघळणं. आणि केलेलं परत फिरवता येत नाही. धर्माची रीत असेल तर प्रश्न वेगळा, एरवी घाई नाही, गरज पडली तर पुढेही करता येतं. कल्याणच्या आमच्या शाळेतल्या नसीमबाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘आमच्यात यावर चर्चा होत नाही गं, फक्त जेवायला माणसं किती यावर होते.’

तेव्हा माझं मत: आपल्यात रीत नाही, बाळाला त्रास नाही, तर थांबा. पण निर्णय तुम्हा दोघांचा. शिवानी म्हणेल ते जास्त बरोबर. नऊ दिवस ज्या मुलाला मी फोनच्या काचेवर पाहतेय, त्याच्याबद्दल मी कुठल्या अधिकाराने बोलू? परवा तू कॅमेरा हलवलास आणि मला दहा मिनिटं नुसता त्याचा डावा कान दिसत होता. मी तुला सांगितलं नाही. बघत बसले.

तुझी,
रचनाताई

ता. क. रविवारी बारसं ऑनलाइन करायचं म्हणतोस. मी इकडून नाव सांगायचं आणि तू फोन त्याच्या कानाला लावायचा. अरे, आत्या आहे की कस्टमर केअर?

ता. क. २ डॉक्टरांचं वाक्य पुन्हा वाच. घाई नाही, पुढेही करता येतं. तिकडच्या कागदांवर तुम्हाला हवं ते नाव लिहा. बारसं डिसेंबरात इथे करू. आपला पाळणा माळ्यावरून उतरवलाय. यांनी कड्यांना तेल घातलं, गुडघा दुखत असताना. एक कडी अजून कुरकुरते, पण तू त्याच आवाजावर झोपायचास.

ता. क. ३ नाव ठरलंय. विचारू नकोस, लिहिणार नाही. त्या डाव्या कानातच सांगेन.